अंबूबाईच्या डोक्यातलं पाणी

चिंचवड स्टेशनच्या अलीकडे एका चाळीत अंबूबाईची खानावळ होती. पाटी नव्हती, नाव नव्हतं. पण बीडकडून येऊन कंपनीत नव्यानं लागलेल्या माणसाला तिचा पत्ता कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगे. दोन खोल्या, त्यातली बाहेरची जेवणाऱ्या मेंबरांची. पहिल्या शिफ्टचे आणि दुसऱ्या शिफ्टचे मिळून चौदा-पंधरा जण. ज्वारीची भाकरी, एक पातळ भाजी, शेंगदाण्याची चटणी. एक भाकरी तव्यावर टाकून अंबूबाई उठे, कुणाला काय हवं ते बघून येई, आणि तोवर भाकरी करपत नसे.

तिचा नवरा ज्योतीराम एका कंपनीत मेंटेनन्स फिटर होता. केज तालुक्यातून तो चौसष्ट साली इकडे आला आणि इथलाच झाला. पत्रा दाबणारे मोठाले हायड्रॉलिक प्रेस दुरुस्त करायचं त्याचं काम. माणूस अबोल. प्रेस बंद पडला की तो आधी चालवणाऱ्याला बाजूला घेई आणि पहिल्यांदा काय वेगळं वाटलं ते विचारी. ते ऐकून झाल्याशिवाय पान्याला हात लावत नसे. दोघांना एकच मुलगी, सुमन. ती लग्न होऊन राजगुरुनगरला गेली होती.

पंचाहत्तर सालच्या दिवाळीनंतर अंबूबाईचं चालणं बिघडलं. नेमकं कधी ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही. उंबऱ्याशी आली की ती थांबायला लागली. पाऊल उचलायचा विचार करतेय असं बघणाऱ्याला वाटे, पण पाऊल जागचं हलत नसे. मग एकदम हले, आणि दोन्ही पाय फाकवून, जमिनीला घासत, वीतभराची पावलं टाकत ती पुढं जाई. वळायचं झालं तर सात-आठ पावलं लागत. ज्योतीरामनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "दुखत काहीच न्हाई. पाय भुईला चिकटल्यागत व्हायलेत." बसल्या जागी ती अजून परातभर पीठ मळत होती. हातातली ताकद कुठं गेली नव्हती.

पहिल्या डॉक्टरांनी गुडघ्याचं दुखणं ठरवून तेल दिलं. दुसऱ्यांनी कंपवाताच्या गोळ्या दिल्या. अंबूबाईचे हात कापत नव्हते, आणि गोळ्यांनी पायही सुटले नाहीत. वय झालं, असं सगळेच म्हणत. तिला तेव्हा बावन्न-त्रेपन्नावं चालू होतं.

वर्षभरानं लघवीचं सुरू झालं. कळ आली की मोरीपर्यंत पोचायला वेळ मिळत नसे. पुढं पुढं कळही समजेना. अंबूबाईनं ते बरेच दिवस लपवलं. मेंबर जेवून गेले की भिजलेलं लुगडं ती घाईघाईनं बादलीत दडवी. आणि सत्त्याहत्तरचा उन्हाळा आला तसं विसरणं सुरू झालं. भाजीत मीठ दोनदा पडू लागलं, मग पडेनाच. स्टोव्ह पेटता ठेवून ती दाराशी जाऊन उभी राही आणि का आलो ते तिला आठवत नसे. मेंबर एकेक करून दुसरीकडं गेले. सयाजी नावाचा ज्योतीरामच्याच खात्यातला एक जण तेवढा शेवटपर्यंत टिकला. ज्योतीरामनं थापलेल्या जाड भाकऱ्या तो तक्रार न करता खाई. शेवटी ज्योतीरामनंच त्याला म्हटलं, की बाबा, आता तूही दुसरीकडं बघ.

खानावळ बंद झाली त्याचं ज्योतीरामला तितकं वाटलं नाही. अंबूबाईचं बोलणं बंद झालं, ते त्याला सोसेना. ती भिंतीकडे तोंड करून तासन् तास बसून राही. काही विचारलं तर इतक्या उशिरा उत्तर देई, की विचारणारा तोवर उठून गेलेला असे. रडत नव्हती, चिडत नव्हती.

कामावर जाताना तो बाहेरून कडी लावायचा. दुपारच्या सुटीत सुपरवायझर त्याला अर्धा तास जास्त देत असत. तेवढ्यात सायकल मारत घरी येऊन तो तिला जेवू घाली, लुगडं बदली आणि परत कडी लावून जाई. त्या कडीचा आवाज त्याला मशीनच्या गोंगाटातही ऐकू येई. भिजलेली लुगडी आणि गोधड्या तो उजाडायच्या आत धुवून चाळीमागच्या पडक्या कंपाउंडवर वाळत घाली. तिकडं कुणाची खिडकी नव्हती. बायकोची लाज चाळीत उघडी पडू नये, एवढंच त्याच्या मनात होतं.

सप्टेंबरात तो तिला आणखी एका डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी तिला नाव विचारलं, साल विचारलं, गाव विचारलं. अंबूबाई नुसती बघत राहिली. डॉक्टरांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या नावानं चिठ्ठी लिहून दिली आणि म्हणाले, घरी सांभाळणं तुम्हाला जमायचं नाही. ज्योतीरामनं चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवली. वीस दिवस ती तिथंच राहिली. रोज शर्ट बदलला की चिठ्ठी या खिशातून त्या खिशात जाई.

शेजारच्या शालनबाई पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात आया होत्या. एका रविवारी सकाळी ज्योतीराम गोधडी पिळत असताना त्या कंपाउंडकडे आल्या. तो गोधडी मागं सारायला लागला. शालनबाईंनी तिचं दुसरं टोक धरलं.

"एकट्यानं पिळलं की पाणी राहतं, भाऊ," त्या म्हणाल्या. "घाला पीळ."

दोघांनी मिळून गोधडी पिळली, वाळत घातली. मग शालनबाईंनी सांगितलं, की मला तीन महिन्यांपासून ठाऊक आहे; बोलले असते तर तुम्हालाच ओशाळवाणं झालं असतं. पण आता बोलल्यावाचून राहवत नाही. त्यांच्या वॉर्डात उन्हाळ्यात एक म्हातारे गृहस्थ आले होते. अगदी अंबूबाईसारखे चालायचे, आणि बाकीचंही सगळं तसंच. डोक्यात पाणी साठलं होतं. वेल्लोरला शिकून आलेल्या एक डॉक्टरीणबाई आहेत, चारुलता आगाशे, त्यांनी ते ओळखलं. "येरवड्याला न्यायच्या आधी एकदा बाईंना दाखवा," शालनबाई म्हणाल्या. "मंगळवारी असतात."

खिशातली चिठ्ठी त्यांना कशी कळली, हे ज्योतीरामनं विचारलं नाही.

मंगळवारी त्यानं रजा टाकली. बसच्या पायरीशी अंबूबाईचं पाऊल अडलं. कंडक्टर घंटी मारायच्या बेतात होता. मागच्या दोघा कामगारांनी तिला खुर्चीसारखं उचलून आत बसवलं. दवाखान्यात साडेतीन तास बसल्यावर नंबर आला.

डॉ. चारुलता आगाशे पस्तिशीच्या असतील. चष्मा, आखूड केस, बोलणं शांत. त्यांनी अंबूबाईला प्रश्न विचारायच्या आधी ज्योतीरामकडे बघितलं.

"आधी काय झालं?" त्यांनी विचारलं. "पहिल्यांदा काय बिघडलं, मग काय, ते क्रमानं आठवून सांगा."

दोन वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. तो स्वतः लोकांना रोज विचारायचा. त्यानं सांगितलं: आधी पाय. त्यानंतर वर्षभरानं लघवी. मग चार-पाच महिन्यांनी विसरणं. हात कधी कापले नाहीत, झटका कधी आला नाही, डोकं कधी दुखलं नाही. बाई लिहीत होत्या. मध्येच त्यांनी लिहिणं थांबवलं आणि पाय नक्की आधी का, ते पुन्हा विचारलं.

"पाय आधी, बाई. खानावळ चालू व्हती तवाच पाय गेले. तवा ती पंधरा माणसांचा हिशोब तोंडी सांगत व्हती."

बाईंनी अंबूबाईला चालायला लावलं. मग टेबलावर उताणी निजवली, तिचे पाय हातात धरून सायकल मारल्यासारखे दोनदा फिरवले आणि सोडून दिले. "आता तुम्ही फिरवा," त्या म्हणाल्या. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग अंबूबाईचे दोन्ही पाय हवेत फिरायला लागले, डावा, उजवा, डावा, उजवा, एकसारखे. जमिनीवर वीतभर न हलणारे पाय असे फिरताना बघून ज्योतीरामला काय वाटलं ते त्याला सांगता आलं नसतं. तो नुसता टेबलाची कड धरून उभा राहिला.

"पायांत बिघाड नाही," बाई म्हणाल्या. "मला यांना भरती करून घ्यायचंय."

तेव्हा डोक्याच्या आतला भाग चिरफाड न करता दाखवणारं यंत्र पुण्यात नव्हतं. बाईंनी त्याला कागदावर चित्र काढून समजावलं. मेंदूच्या आत पोकळ्या असतात. त्यांत रोज पाणी तयार होतं आणि रोज तेवढंच जिरतं. काही माणसांत जिरणं कमी होतं, मग पोकळ्या फुगतात आणि भोवतालचा मेंदू ताणला जातो. चालण्याच्या, लघवी धरण्याच्या वाटा तिथूनच जातात. लहान मुलांत डोकं मोठं होतं म्हणून लगेच दिसतं. मोठ्या माणसाची कवटी घट्ट असते, बाहेरून काही कळत नाही. हे असेलच असं नाही, त्या म्हणाल्या. पण पाठीतून थोडं पाणी काढून बघता येईल.

दुसऱ्या दिवशी पाणी काढायच्या आधी बाईंनी अंबूबाईला वॉर्डाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालवलं आणि घड्याळ लावलं. सव्वादोन मिनिटं लागली. मग तिला कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजवलं. ती तशी राहीना, म्हणून ज्योतीरामला खांदे धरून बसवलं. मणक्यात सुई गेली, सुईला काचेची उभी नळी जोडली, आणि तिच्यात पाणी वर चढलं. ते स्वच्छ होतं, विहिरीच्या पाण्यासारखं. एकशे साठाच्या खुणेवर ते थांबलं.

"दाब नॉर्मल आहे," बाई आपल्या सहायकाला म्हणाल्या.

ज्योतीरामचा जन्म दाबाचे काटे वाचण्यात गेला होता. बाहेर आल्यावर त्यानं धीर करून विचारलंच, "बाई, दाब वाढलेलाच न्हाई, तर मग पानी काढून काय उपयोग?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. "बरोबर विचारलंत. आम्हालाही ते पूर्ण कळलेलं नाही. हा आजार ओळखीचा होऊन जेमतेम बारा वर्षं झालीत. दाब वाढलेला नसतो, तरी पाणी काढलं की काही माणसं सुधारतात. सगळी नाही. उद्या बघू."

ज्याला सगळं ठाऊक आहे असा डॉक्टर ज्योतीरामनं दोन वर्षांत पाच वेळा बघितला होता. हे उत्तर ऐकून त्याला पहिल्यांदाच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चहाचा थर्मास घेऊन वॉर्डात आला, तर अंबूबाई कॉटवर बसलेली होती आणि तिनं त्याच्याकडं बघितलं. म्हणजे खरोखर बघितलं. डोळे त्याच्या तोंडावरून शर्टावर आले.

"बटण तुटलंय," ती म्हणाली. आणि जरा वेळानं, "मेंबर लोक जेवले का?"

खानावळ बंद होऊन पाच महिने झाले होते. ज्योतीराम म्हणाला, जेवले. मग खोटं बोलल्याचं त्याला वाईट वाटलं आणि त्यानं सगळं सांगितलं, की खानावळ बंद आहे, तू आजारी आहेस, हा दवाखाना आहे. ती ऐकत होती. बाई आल्या, घड्याळ लावलं. पाय अजून घासत होते, पण थांबत नव्हते. बावन्न सेकंदांत अंबूबाई वॉर्डाच्या त्या टोकाला पोचली आणि तिथल्या खाटेवरच्या बाईला तिनं गाव विचारलं.

ज्योतीरामचे डोळे भरून आले. बाईंनी त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, की हे टिकणार नाही. दोन दिवस, फार तर तीन. पाणी पुन्हा साठेल. पण यावरून कळलं, की ऑपरेशनचा उपयोग होण्यासारखा आहे. कानामागं कवटीला भोक पाडायचं, तिथून एक बारीक नळी कातडीखालून मानेवरून, छातीवरून पोटात सोडायची. मध्ये चिंचोक्याएवढी झडप बसवायची, म्हणजे जास्तीचं पाणी पोटात उतरेल आणि तिथं जिरेल. त्याआधी आणखी एक तपासणी. ऑपरेशनात धोका आहे. नळी चोंदू शकते, पू होऊ शकतो, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. आणि सगळं नीट होऊनही फरक पडेलच असं नाही.

"सही तुम्ही करायची," बाई म्हणाल्या. "पण आज त्या उत्तर देऊ शकतात. परवा कदाचित नाही देता येणार. आज त्यांना विचारा."

ही गोष्ट ज्योतीरामच्या डोक्यात आली नसती. गेले पाच-सहा महिने तो तिच्या वतीनं सगळं ठरवत होता: काय खायचं, कधी निजायचं, कडी कधी लावायची. तो खाटेशी स्टूल ओढून बसला आणि बाईंनी सांगितलेलं सगळं, धोक्यासकट, त्यानं तिला सांगितलं. नळी कुठून कुठं जाणार ते तिच्याच अंगावर बोट फिरवून दाखवलं. अंबूबाई बराच वेळ गप्प होती. त्याला भीती वाटली, की ती पुन्हा गेली.

"मला समदं उमगायचं," ती हळू म्हणाली. "तुमी लुगडं बदलायचात ते उमगायचं. तोंडातून शब्द निघत नव्हता." मग म्हणाली, "असं ठिवू नका मला. उघडा काय उघडायचं ते. मेले तर मेले."

तिसऱ्या दिवशी ती परत भिंतीकडे तोंड करून बसली.

दुसरी तपासणी वाईट होती. पाठीतून हवा सोडायची, ती डोक्यात चढली की एक्स-रे काढायचे. दोन दिवस अंबूबाई डोकं धरून विव्हळत होती, पोटात पाण्याचा घोट ठरत नव्हता. पण एक्स-रेत पोकळ्या स्पष्ट आल्या, नेहमीच्या दुपटीहून मोठ्या. झडप मुंबईहून यायची होती. तिला पाच आठवडे लागणार होते, म्हणून तो अंबूबाईला घरी घेऊन आला. शालनबाईंनी चाळीतल्या चार बायकांना गाठून पाळ्या लावल्या. ज्योतीराम कामावर असताना कुणी ना कुणी अंबूबाईपाशी बसू लागलं, आणि दाराला बाहेरून कडी लागायची थांबली. आपली लाज झाकायच्या नादात आपण तिला इतके महिने कोंडून ठेवलं, हे त्याला तेव्हा लख्ख कळलं. चाळीतली एकही बाई त्याला त्यावरून बोलली नाही.

सुमन राजगुरुनगरहून आली ती रडतच. आईचं डोकं फोडायला तुम्ही तयार कसे झालात, असं तिनं विचारलं. दिवस भरलेत तिचे, तर घरात सुखानं जाऊ द्या. ज्योतीराम म्हणाला, तुझ्या आईनंच सांगितलंय. सुमनला ते पटेना. आई शुद्धीवर तरी होती का, ती म्हणाली.

"व्हती," ज्योतीराम म्हणाला. "तुझ्या बारशाला तुझी कोणती मावशी आली न्हवती, त्ये सुद्धा सांगितलं तिनं."

सुमन रडता रडता हसली. त्यानंतर ती गेली नाही. ऑपरेशन होईपर्यंत थांबली.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात डॉ. सुरेंद्र पानसे यांनी ऑपरेशन केलं. उंच, थोडे वाकलेले, बोलायला तुटक असे सर्जन. आत जाण्यापूर्वी त्यांनी ज्योतीरामच्या हातात दुसरी एक जुनी झडप ठेवली. कंपनीत काय काम करता ते बाईंनी त्यांना सांगितलं होतं. ज्योतीरामनं ती उजेडात धरून बघितली. एका बाजूनं जाऊ देणारी, उलटं येऊ न देणारी. ठरलेल्या दाबाला उघडायची, दाब उतरला की मिटायची. असल्या झडपा त्यानं मुठीएवढ्या बघितल्या होत्या. इतकी लहान वस्तू कुणीतरी हातानं घडवली, तपासली, डबीत घालून इतक्या लांब पाठवली, याचं त्याला नवल वाटलं. त्या न पाहिलेल्या कारागिराला त्यानं मनातल्या मनात नमस्कार केला.

ऑपरेशन दोन तास चाललं. पहिले सात दिवस काहीच फरक पडला नाही. चौथ्या दिवशी ताप चढला, आणि त्या दिवशी बाईंच्या चेहऱ्यावरचा ताण ज्योतीरामला दिसला. त्या सकाळी आल्या, दुपारी आल्या, आणि संध्याकाळी घरी जायच्या वेळी पुन्हा आल्या. ताप उतरला. अंबूबाई तशीच होती. ज्योतीरामनं मनाशी ठरवून टाकलं, की नाही आलं यश तर नाही. तिनं सांगितलेलं केलं, एवढं तरी झालं.

आठव्या दिवशी तो गेटमधून आत येत होता, तर शालनबाई समोरून जवळजवळ पळत आल्या.

"भाऊ, तिनं मागून घेतलं," त्या म्हणाल्या. "मोरीकडं जायचंय म्हणाली. वेळेवर म्हणाली. मी नेली, कोरडी नेली आणि कोरडी आणली."

दवाखान्याच्या गेटात उभं राहून ज्योतीराम त्या बातमीवर रडला. येणारी-जाणारी माणसं त्याच्याकडं बघत होती. घरात कुणी गेलं असावं, असं त्यांना वाटलं असेल.

मग एकेक परत येऊ लागलं, पण सावकाश. आधी पाय. पहिल्या पंधरा दिवसांत ती कुणाचा हात न धरता वॉर्डभर फिरू लागली. मग बोलणं. जानेवारीत घरी आली तेव्हा भाजी निवडायला बसली आणि भेटायला आलेल्या सुमनला म्हणाली, की हिच्यात निम्म्या शेंगा जून आहेत, कुठून आणल्या. सगळं मात्र आलं नाही. सत्त्याहत्तर सालातले बरेच महिने तिच्यापाशी नव्हतेच. सुमनची धाकटी मुलगी त्याच साली झाली होती, ती कोणाची म्हणून तिनं विचारलं. माणसांची नावं अधूनमधून निसटत. जिना उतरताना कठड्याला हात लागे. बाईंनी आधीच सांगितलं होतं, की मेंदू दोन वर्षं ताणलेला होता, थोडं नुकसान राहणार. नळी कधीही चोंदू शकते, पाय पुन्हा घासायला लागले तर त्याच दिवशी या.

लुगड्यांची गोष्ट दवाखान्यात तिनंच काढली होती, पण ते तिला आता आठवत नव्हतं. घरी आल्यावर तिला सगळं शालनबाईंकडून कळलं. एका दुपारी ज्योतीराम पाटावर बसून जेवत होता.

"माझी लुगडी तुमी धुतलीत म्हनं," ती म्हणाली.

"धुतली."

"वर्सभर?"

"साबन लई लागायचा," तो म्हणाला.

तिनं त्याच्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली. मग त्याचा डावा हात आपल्या हातात घेऊन ती उलटापालटा करून बघत बसली. तेलानं काळवंडलेला, सोड्यानं चिरा पडलेला फिटरचा हात. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती, आणि दिवसाउजेडी तिनं त्याचा हात असा कधी धरला नव्हता. तो जेवायचा थांबला.

दवाखान्याचे उपकार कसे फेडायचे, हा प्रश्न ज्योतीरामला पडला होता. बाईंनी नारळसुद्धा घेतला नव्हता. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात त्यांचं पोस्टकार्ड आलं. वॉर्डात महाळुंग्याचे दत्तोबा म्हणून एक शेतकरी आहेत, हाच आजार आहे. त्यांच्या पत्नी सोजरबाई ऑपरेशनला तयार होत नाहीत. आमचं सांगणं त्यांना पटत नाही. अंबूबाई येऊ शकतील का? आग्रह नाही.

अंबूबाईनं कार्ड दोनदा वाचून घेतलं आणि ठेवणीतलं लुगडं काढलं.

सोजरबाई नवऱ्याच्या खाटेशी जमिनीवर बसल्या होत्या. दत्तोबा भिंतीकडे बघत होते. ते बघणं ज्योतीरामच्या ओळखीचं होतं. डॉ. आगाशे लांबच थांबल्या. अंबूबाई वॉर्डाच्या दारातून चालत आली, सोजरबाईंच्या शेजारी जमिनीवर बसली आणि गाव, शेत, मुलंबाळं विचारत राहिली. ऑपरेशनचा शब्द तिनं काढला नाही. सोजरबाईंनीच शेवटी विचारलं, की तुमचं कोण हाय इथं.

"मीच व्हते," अंबूबाई म्हणाली. "ह्याच खाटंवर न्हाई, त्या तिकडच्या."

सोजरबाईंना ते खरं वाटेना. अंबूबाईनं पदर खांद्यावर घेतला, कानामागचे केस बाजूला केले आणि सोजरबाईंचं बोट धरून तिथल्या टेंगळावर ठेवलं. मग तेच बोट मानेवरून खाली, कातडीखाली लागणाऱ्या नळीवरून गळपट्टीपर्यंत नेलं. सोजरबाईंनी पुन्हा एकदा स्वतःहून तिथं हात फिरवला.

"दुखतं का वं?"

"केस विंचरताना फणी अडकती. बाकी काय न्हाई." मग अंबूबाई म्हणाली, "समद्यांनाच गुण येतो असं न्हाई, बाई. त्ये डॉक्टर सांगत्यात त्ये खरं हाय. पर आतलं मानूस आतच असतंय. मी व्हते आत. मला इचारलं म्हनून मी सांगू शकले. तुमच्या मालकांना इचारलं का कुनी?"

सोजरबाई नवऱ्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी दूर उभ्या असलेल्या डॉ. आगाशेंना हात करून जवळ बोलावलं आणि विचारलं, की ते पाठीतलं पाणी पुन्हा एकदा काढता येईल का. मला यांच्याशी बोलायचंय.

दत्तोबांचं ऑपरेशन श्रावणात झालं. दिवाळीनंतर एका सकाळी सोजरबाई नव्या कांद्यांचं पोतं घेऊन चाळीत हजर झाल्या. धनी काठी घेऊन बांधापर्यंत जातात, त्या म्हणाल्या. लघवीचं पुष्कळ सुधारलं. पण डोकं फारसं चालत नाही. थोरल्या लेकाला धाकट्याच्या नावानं हाक मारतात, बैल विकलेत ते रोज नव्यानं सांगावं लागतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उशीर झाला होता.

"मंग वाईट वाटतंय का?" अंबूबाईनं विचारलं.

"न्हाई," सोजरबाई म्हणाल्या. "परवा मला म्हनले, तू दमलीस. वर्सात पैल्यांदा माज्याकडं बघून बोलले. तेवढ्यासाठी आले मी इथवर."

ज्योतीरामनं पोतं उचलून आतल्या खोलीत नेलं. अंबूबाईनं स्टोव्ह पेटवला, परात पुढं ओढली आणि सोजरबाईंना म्हणाली, की बसची घाई करू नका, आधी जेवून घ्या.